वेष्टनाला दोनच गुण

७ जानेवारी, रविवार

जिंकले.

चर्चच्या बंधुमंडळाच्या सभेत आज ठराव पास झाला. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी धीराच्या आईची, म्हणजे देवाच्या आईच्या मूर्तीची, पालखी यंदापासून बायका उचलणार. ही मागणी मी पहिल्यांदा केली तेव्हा माझे केस काळे होते आणि त्या वेळचे अध्यक्ष जिवंत होते. दोघांनीही वाट पाहिली नाही.

नावात बंधू आहे, बुद्धी नाही, हे मी तेव्हाही म्हटलं होतं. भर सभेत, मोठ्यानं.

समोरच्या घरातली एदुविहिस तरातरा उठून गेली. मठातल्या शाळेत ही माझ्या बाकावर बसायची, तेव्हापासून माझ्या नशिबाला आहे. दारात थांबून म्हणाली, "देवाच्या आईखाली बायका घुसणार, घामाघूम, डोक्याला फडकी बांधून! शोभतं का?" मी म्हटलं, "पुरुषांचा घाम काय गुलाबपाणी असतो?"

तर संकल्प. पहिल्या तुकडीत मी असणार. वय एकोणसत्तर, पण नियमांत वयाची अट नाही. घातली नाही, कारण माझ्यासारखी कोणी येईल हे त्यांना सुचलंच नाही. बंधूंच्या कल्पनाशक्तीचा तुटवडा पहिल्यांदाच माझ्या कामी आला.

उद्यापासून पहाटे चालणं, जिने चढणं, गोड बंद. आजपासून नाही, कारण तीन राजांच्या सणाचा गोड पाव अर्धा उरलाय, आणि अन्न टाकणं पाप, असं मठातल्या शाळेत सिस्टर बेनिग्ना सांगायच्या.

८ जानेवारी

पाव संपवला. पाप टळलं. चालायला उद्यापासून.

११ जानेवारी, गुरुवार

आरासेली आली होती. माझ्या बहिणीची मुलगी. फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांच्या पोटऱ्या दाबून पैसे घेते. तीही भोईण होणार. माझा बेत ऐकून आधी हसली, मग मी हसत नाही हे पाहून थांबली.

"मावशी, या वयात स्नायू..."

मी म्हटलं, स्नायूंबद्दल मला सांगू नकोस. उभा जन्म मी जीवशास्त्र शिकवलं. टोपलीतलं संत्रं घेतलं आणि वर्गाला द्यायचे तसा धडा तिला पुन्हा दिला. वरची साल म्हणजे अख्ख्या स्नायूवरचं आवरण, एपिमायसियम. फोडीवरची पातळ कातडी म्हणजे तंतूंच्या एकेका जुडीवरचं आवरण, पेरिमायसियम. फोडीच्या आत रसाच्या इवल्या पिशव्या असतात. त्या प्रत्येकीवरचा पापुद्रा म्हणजे एकेका तंतूवरचं आवरण, एंडोमायसियम. नावं तीन, परीक्षेत गुण दोन. कारण हे सगळं नुसतं वेष्टन. काम करतो तो आतला रस, म्हणजे तंतू. आणि तंतू मला आईकडून मिळालेत. ती ऑलिव्हची पोती डोक्यावरून न्यायची.

आरासेली म्हणते, उलट आहे. तंतू कितीही ओढू दे, त्याचा जोर शेजारच्या तंतूला आणि पुढे हाडाला पोहोचतो तो या वेष्टनांमधूनच. "आणि वय झालं की तीच ताठरतात, मावशी. तुझा रस छान असेल गं. सालीचं काय?"

सालीचं! मी तिच्यासमोर ते संत्रं सोलून खाल्लं आणि साल केराच्या डब्यात टाकली. एवढं उत्तर पुरे.

२० जानेवारी, शनिवार

उद्या मापं. पालखीच्या पोटात आडव्या तुळया असतात. एकेका तुळईखाली पाच-पाच जणी, सगळ्यांच्या माना एका रेषेत यायला हव्यात. उंच पुढे, बुटक्या मागे. दारामागे माझ्या तरुणपणीची उंचीची खूण आहे, तिच्याशी उभी राहून पाहिलं. चार बोटं कमी भरले. फरशी खचली असावी. हे घर जुनंच आहे.

मागच्या तुळईखाली, अंधारात, बुटक्यांबरोबर मी जाणार नाही. चांभाराकडून बुटांत घालायचे बुचाचे तळवे आणले. एकावर एक, दोन जोड्या. याला फसवणूक म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात. माझी उंची फरशीनं खाल्ली, ती मी परत घेतेय.

२१ जानेवारी, रविवार

मुकादम कासिमिरो आहे. पालखीच्या पुढे उभं राहून हुकूम द्यायचे हे त्याचं काम. माझा विद्यार्थी. स्नायूंच्या धड्यावर नापास झाला होता, अजून माझ्यासमोर हात पाठीमागे बांधतो. माझ्या मानेवर पंजा टेकवून माप घेताना बराच वेळ थांबला.

"बाई, तुम्ही उंच झालात."

मी म्हटलं, "वाचन ठेवलं की होतं."

"होय बाई."

तिसरी तुळई मिळाली. शेजारी आरासेली. ती माझ्या बुटांकडे पाहत होती. पाहू दे, नवे आहेत.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिली तालीम. मूर्ती नाही, नुसता सांगाडा आणि त्यावर वाळूची पोती. डोक्यावर चुंबळ, पोटाला कमरबंद, मानेच्या हाडावर तुळई. मुकादम हातोडीचा ठोका देतो आणि सगळ्या एकदम उसळी मारून उचलतात.

उचललं! चर्चपासून बाजारापर्यंत चालले! डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण तेही शोभून दिसत होते.

एक गंभीर बाब. बाकीच्या कामचुकार आहेत. आमच्या तुळईचं सगळं ओझं माझ्या एकटीच्या मानेवर होतं. डावीकडची तर चक्क गाणं गुणगुणत होती. परत येताना आरासेली म्हणते, "गंमत बघ मावशी, तुळई माझ्या मानेला टेकलीच नाही." गंमत! कबुलीजबाब देताना माणसानं निदान चेहरा तरी पाडावा.

३ फेब्रुवारी

मान वळत नाही. हरकत नाही. मी नेहमी पुढेच पाहत आलेय.

१४ फेब्रुवारी, राखेचा बुधवार

कपाळाला राख लावून घेतली. "माणसा, तू माती आहेस, मातीला मिळशील," असं म्हणताना पाद्री माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत होता.

पोटऱ्या दगडासारख्या झाल्यात. शुभलक्षण. आरासेली म्हणते, "कणखर नाहीत, ताठ झाल्यात. फरक असतो." रोज सकाळी भिंतीला हात टेकून पोटऱ्यांना ताण द्यायचा असं सांगून गेलीय. मी भिंतीला हात टेकते. तेवढ्यात कॉफी होते.

उपास कडक पाळला. खारवलेला मासा आणि हरभरे. त्यानंतर वाइनमध्ये भिजवून तळलेले पावाचे काप, वर मध. मांस नसलं की उपास मोडत नाही. गोडाचा संकल्प माझा होता, चर्चचा नव्हे, आणि मी दिलेली परवानगी मला चालते.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरी तालीम. पुन्हा ओझं मीच वाहिलं. म्हणून तालमीनंतर बारमध्ये सगळ्यांना एकत्र बसवून चार शब्द सांगितले. म्हटलं, "पोरींनो, दंडाचा स्नायू बघा. प्रत्येक तंतू आपापलं ओढतो तेव्हा हात उचलला जातो. तुम्ही ओढत नाही."

फेर्मिना माझ्या मागच्या तुळईखाली असते. वकिलीचं शिकते. एदुविहिसची नात, हे वेगळं सांगायला नको. म्हणाली, "बाई, आम्ही ओढायला तयार आहोत हो, पण तुळई आमच्यापर्यंत पोहोचतच नाही. मध्ये हवा आहे."

"हवा डोक्यात आहे," मी म्हटलं.

सगळ्या हसल्या, आणि माझ्या बाजूनं हसल्या असं मी धरून चालले. कासिमिरोला बाजूला घेऊन सांगितलं, "या पोरींची मापं परत घे, सगळ्या खुज्या भरल्यास तू." तो म्हणाला, "होय बाई." घेतली नाहीत.

२ मार्च, शनिवार

आठ तारखेला महिला दिन. त्याच दिवशी तालीम आहे आणि सेव्हिया शहरातून वर्तमानपत्राचे लोक येणार आहेत. पालखीभोवतीची झालर समोरून वर करून फोटो काढणार, म्हणजे दिसणार त्या फक्त पहिल्या तुळईखालच्या. आता न्यायानं पाहिलं तर तिथे कोण हवं? कासिमिरोला विचारलं. म्हणाला, "बाई, पुढे उंच मुली लागतात." मी म्हटलं, "मंगळवारी माप घे."

चांभाराकडून तिसरी जोडी आणली. माझ्या नावाला आदराचं दोन्या लावून म्हणाला, "दोन्या एन्ग्रासिया, आणखी एक घातलीत तर बुटांतून उतू जाल." तीच तर कल्पना आहे.

५ मार्च, मंगळवार

पहिली तुळई. मधोमध.

कासिमिरो माप घेऊन नुसता पाहत राहिला. "अजून वाचन चालू आहे वाटतं, बाई," म्हणाला. चाळीस वर्षांचा झाला, आता कुठे त्याला विनोद सुचायला लागलाय.

८ मार्च, शुक्रवार

पेनाचं टोक मोडलं. रागानं.

सगळं ठरल्याप्रमाणे होतं. कॅमेरे, लख्ख उजेड, झालर वर, मी मधोमध. फेर्मिना याही वेळी बरोबर माझ्या मागे, तिलाही पुढे आणलंय. कासिमिरोनं हाक दिली, "चला गं पोरींनो, आईला आभाळाला भिडवा!" ठोका पडला. उसळी मारली.

आणि मागून कुणीतरी माझ्या पोटरीवर दगड मारला.

टर्रकन आवाज आला. मी खाली बसले. बसता बसता फेर्मिनाला जे सुनवायचं ते सुनवलं. म्हटलं, लाथ मारलीस की धोंडा, आजीनं शिकवून पाठवलं का? ती रडकुंडीला आली. "शप्पथ बाई, मी हातभर लांब होते!" मी दगड शोधायला लावला. सापडला नाही. लपवला असणार. कायदा शिकतेय ना.

आरासेलीनं माझा बूट काढला. सगळ्यांसमोर, कॅमेऱ्यासमोर. एक तळवा पडला. मग दुसरा. मग तिसरा. पिसाऱ्यासारखे पसरले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कासिमिरोनं तळवे उचलले, धूळ झटकली आणि माझ्या मांडीवर ठेवले. मग तिसऱ्या तुळईखालची एक उंच मुलगी माझ्या जागी आणली आणि ठोका दिला. पालखी उठली, दोरीवरची चादर वाऱ्यानं उठावी तशी, सगळीच्या सगळी एकदम. आतून फेर्मिनाचा आवाज आला, "अगं आई गं! हे एवढं जड असतं होय!"

११ मार्च, सोमवार

सोनोग्राफी. आरासेलीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघ मावशी. तंतू तुझे बहुतेक शाबूत आहेत, मानलं तुला. फाटलंय ते वेष्टन."

वेष्टन. दोन गुणांचा प्रश्न.

मी म्हटलं, यंत्र जुनं दिसतंय. ती म्हणाली, "आणि दगड कुणी मारला नाही गं. पोटरी फाटली की सगळ्यांना असंच वाटतं, मागून कुणीतरी मारलं म्हणून." घरी येऊन माझं शिकवायचं पुस्तक काढून पाहिलं. दगडाचा कुठे उल्लेख नाही. वेष्टनांच्या पानावर मात्र पेन्सिलीनं लिहिलंय: वेळ नसल्यास गाळावे. अक्षर माझ्यासारखं आहे.

कुबड्या. ईस्टर उलटून जाईपर्यंत पालखीचं नाव काढायचं नाही, असं आरासेलीनं बजावलंय. मी नाव काढणार नाही. सरळ जाईन.

१३ मार्च

वर्तमानपत्रात फोटो आला. माझ्या जागी ती उंच मुलगी. खाली डाव्या कोपऱ्यात एक रिकामा बूट दिसतो. तो माझा.

१७ मार्च, रविवार

जिना उतरून पाहिला. दोन पायऱ्या. पालखीच्या बुधवारी सरळ जायचा बेत तूर्त जिन्यात थांबलाय.

दुपारी कासिमिरो आला, मधात घोळवलेल्या शंकरपाळ्या घेऊन. हात पाठीमागे.

"बाई, पालखीच्या बुधवारी या. चुंबळी बांधायला कुणीतरी हवंय. आपली आपल्याला नीट बांधता येत नाही, आणि सैल राहिली की तुळई मानेत रुतते."

मी म्हटलं, "म्हणजे गुंडाळायचं? हा हक्क मी मिळवून दिला, आणि तू मला गुंडाळायला बसवतोस?"

"होय बाई."

"मग पुरुषांच्या वेळी कोण गुंडाळत होतं?"

"आम्हीच, एकमेकांना. पण मुली म्हणतात, बाई कशात तरी असायला हव्यात."

कशात तरी! नकार दिला. शंकरपाळ्या ठेवून घेतल्या.

तो गेल्यावर खिडकीत बसले होते. खालून चौघी-पाच जणी गेल्या, माना चोळत, खिदळत, कोणाच्या मानेवर किती मोठा वळ उठलाय ते एकमेकींना दाखवत. खिडकीकडे एकीनंही पाहिलं नाही. एवढी वर्षं मी भांडले ती माझ्या मानेवर तो वळ असावा म्हणून. पोरींनी पाहिलं नाही, कारण ऊन डोळ्यांवर होतं.

कुबडीला मध लागलाय. सगळीकडे चिकटतंय.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

उशीवर चुंबळ बांधून पाहिली. जायचं म्हणून नव्हे. कुणी चुकीची बांधली तर पुढे बोलता यावं म्हणून. मग आरासेलीच्या डोक्यावर बांधली. ती मान हलवून म्हणाली, "मावशी, मस्त बसली. घट्ट आहे आणि टोचत नाही."

"बोलू नकोस. मी प्रात्यक्षिक करतेय."

"आठ वेळा?"

२७ मार्च, बुधवार

गेले. केवळ देखरेखीसाठी.

चर्चच्या मागच्या खोलीत मला खुर्ची दिली. एकेक डोकं समोर यायला लागलं. कापड कपाळाशी घट्ट, मागे मानेवर वळकटी. मग कमरबंद: एक टोक मी धरायचं, आणि पोरगी गिरक्या घेत घेत माझ्यापर्यंत येते, गुंडाळली जात. घामाचा वास, साबणाचा वास. एकीच्या कानामागे अजून पावडर होती. "बाई, आणखी आवळा." "बाई, श्वास घ्यायला ठेवा हो." "बाई, माझी झाली की हिची, हिची आधीच सुटतेय."

फेर्मिना सगळ्यात शेवटी आली आणि हातभर लांब उभी राहिली.

मी म्हटलं, "जवळ ये. दगड काही सापडला नाही."

"बाई, ही माफी समजू का?"

"हे निवेदन आहे."

तिनं डोकं पुढे केलं.

मग त्या तुळयांखाली गेल्या आणि झालरी सोडल्या. बाहेरून झालर, आत रांगा, रांगेत एकेक पोरगी, प्रत्येकीभोवती तिचं तिचं कापड. हे मी कुठेतरी पाहिलंय असं वाटलं. विषय वाढवला नाही.

पहिली उचल कुणाच्या तरी नावानं करतात, बहुतेक वेळा त्या वर्षी वारलेल्याच्या. मी कुबड्यांवर चर्चच्या दारात, खांबाआड. चौक गच्च. कासिमिरोनं हातोडी धरली आणि सगळं चिडीचूप झालं.

"पोरींनो! ही उचल दोन्या एन्ग्रासियांच्या नावानं! आज आपण इथे आहोत ते त्यांच्यामुळे. आणि त्या... त्या आज आपल्यात, या तुळईखाली नाहीत..."

इथे तो मूर्ख बाहीनं डोळे पुसायला लागला. पुढचं वाक्य आलंच नाही. नापास होतानाही असाच अर्ध्यावर थांबायचा.

अख्ख्या चौकानं क्रूसाची खूण केली. समोरच्या बाल्कनीत एदुविहिसनं हंबरडा फोडला. माझ्या पुढेच उभा असलेला एक जण बायकोला म्हणाला, "पोटरीचंच निमित्त झालं म्हणे बिचारीला."

मी कुबडी उंच करून ओरडले, "मी जिवंत आहे, गाढवांनो!"

तो मागे वळून म्हणाला, "शूऽऽ! गेलेल्या बाईचा तरी मान ठेवा!"

ठोका पडला. पालखी उठली. एका दमात, एका उंचीवर, एकही मेणबत्ती विझली नाही. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पाहत होते. एकीचीही चुंबळ सुटली नाही. आज धूप फार जाळला, डोळे चुरचुरतायत.

२८ मार्च, गुरुवार

सकाळी बेल वाजली. दारात एदुविहिस. डोक्यापासून पायापर्यंत काळी, हातात पातेलं. आरासेलीचं सांत्वन करायला आली होती. काल सांगायला कुणालाच सवड झाली नाही.

माझ्याकडे पाहत राहिली. "मेली नाहीस तू?"

"नाही."

"मी केवढी रडले!"

"ऐकलं. पातेल्यात काय आहे?"

"कोंबडीचं सूप."

"आत ये."

दोघी सूप प्यायला बसलो. मीठ कमी होतं, तरी मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. मग बशीकडे पाहत ती म्हणाली, "काल बाजाराशी पालखी टेकवली ना, तेव्हा झालर जरा उचलली होती. आमची फेर्मिना दिसली. लालबुंद झाली होती. एवढी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती."

मी म्हटलं, "हं."

"त्या नियमांत वयाची अट नाही म्हणतात, खरं का?"

"नाही. त्यांना सुचलंच नाही."

"उंचीचं काय असतं?"

मी चमचा खाली ठेवला.

"एन्ग्रासिया," ती हळूच म्हणाली, "ते बुचाचे तळवे तुला अजून लागणार आहेत का गं?"

माझे केस काळे असल्यापासून जी बाई प्रत्येक सभेतून तरातरा उठून गेली, ती माझ्या टेबलाशी बसून हे विचारत होती. कपाटातून दोन जोड्या काढून दिल्या. तिसरी ठेवली. पोटरी कधी भरून येईल, सांगता येत नाही.

एकच अट घातली. पुढच्या वर्षी कमरबंद माझ्याकडूनच बांधून घ्यायचा. कितपत आवळायचा, ते माझं मी ठरवीन.